बस कुठवर आली?

२०१० साली मुंबईत दोन उद्योगांची सुरुवात झाली. सचिन टेके या मराठी अभियंत्याने लोकल गाड्यांचं वेळापत्रक मोबाइलमध्ये बसवलं आणि त्याला ‘एम-इंडिकेटर’ असं नाव दिलं. तेव्हा बहुतेकांच्या हातात बटणांचे साधे फोन होते. हे अ‍ॅप त्यांच्यावरही चालायचं आणि गाडीची वेळ बघायला इंटरनेट लागत नसे. त्याच वर्षीच्या डिसेंबरात आयआयटी मुंबईत शिकलेल्या भाविश अग्रवाल आणि अंकित भाटी यांनी ‘ओला’ काढली. सुरुवातीला सहली आखून देण्याचा त्यांचा बेत होता. तो मागे पडला, ते टॅक्सीकडे वळले, कंपनी बेंगळुरूला गेली आणि पुढच्या दहा वर्षांत देशोदेशीच्या गुंतवणूकदारांचा पैसा तिच्यात आला.

स्टार्टअपांनी शहरातला प्रवास कसा बदलला, हा विषय निघाला की ओला-उबरचंच नाव पुढे येतं. डोंबिवलीहून रोज सकाळी निघणाऱ्या माणसाचा दिवस मात्र एम-इंडिकेटरने आधी बदलला. गाडी जलद की धीमी, किती डब्यांची, कोणत्या फलाटावर, हे घरातून निघतानाच कळू लागलं. पुढे त्यातच प्रवासी एकमेकांना ‘गाडी पंधरा मिनिटं लेट’ असं कळवू लागले आणि रेल्वेच्या घोषणेआधी खबर डब्याडब्यांत पोचू लागली. या दोन्ही उद्योगांनी नवीन वाहन बनवलं नव्हतं. गाड्या होत्या, रस्ते होते, रूळ होते. गाडी कुठे आहे आणि ती कोणाला हवी आहे, ही माहिती तेवढी कोणाकडे नव्हती. ती माहिती गोळा करून योग्य हाती देणं, हाच या सगळ्या धंद्याचा पाया आहे. ती कोणाच्या ताब्यात राहते, यावर शहराचं भलं की नुकसान हे ठरतं, असं माझं ठाम मत आहे.

टॅक्सीचंच घ्या. काळी-पिवळी रिकामी फिरत असायची आणि दोन गल्ल्या पलीकडे कोणीतरी सामान घेऊन हात दाखवत उभं असायचं. २००७ मध्ये ‘मेरू’ने मुंबईत फोनवर टॅक्सी मागवायची सोय केली, पण मध्ये कॉल सेंटर होतं. स्मार्टफोन आला तसा चालक आणि प्रवासी या दोघांच्याही खिशात जीपीएस आलं आणि मधला माणूस गळला.

आता आपण बटण दाबतो तेव्हा पडद्यामागे काय होतं ते पाहू. कंपनीच्या संगणकाने शहराचा नकाशा षटकोनी घरांत वाटून घेतलेला असतो. उबरने यासाठी केलेली ‘एच-थ्री’ ही रचना २०१८ मध्ये सगळ्यांसाठी खुली केली. षटकोनच का? त्याच्या मध्यापासून शेजारच्या सहाही घरांचे मध्य सारख्याच अंतरावर येतात. चौकोनात तसं होत नाही, कोपऱ्यातला शेजारी लांब पडतो. प्रत्येक घरात या क्षणी किती गाड्या मोकळ्या आहेत आणि किती जण गाडी मागत आहेत, याचा हिशेब सतत चालू असतो. सर्वांत जवळची गाडी आपल्याला मिळते असं आपण धरून चालतो, पण तसं नेहमी होत नाही. समजा, एक गाडी तुमच्यापासून २ मिनिटांवर आणि शेजारणीपासून ३ मिनिटांवर आहे. दुसरी गाडी तुमच्यापासून ४ मिनिटांवर, पण शेजारणीपासून १० मिनिटांवर आहे. पहिली गाडी तुम्हाला दिली तर दोघांची मिळून १२ मिनिटं जातात, शेजारणीला दिली तर ७. म्हणून संगणक काही क्षण थांबतो, आसपासच्या मागण्या एकत्र घेतो आणि सगळ्यांचा मिळून वेळ कमीत कमी जाईल अशा जोड्या लावतो. हे गणित सुंदर आहे, आणि त्याने वेळ खरोखर वाचतो.

भाड्याचं गणित मात्र वेगळं आहे. एखाद्या षटकोनात मागणी वाढली आणि गाड्या कमी पडल्या की दर चढतो. त्यामागचा तर्क असा की चढा दर पाहून आणखी चालक तिकडे येतील आणि टंचाई संपेल. सिनेमा सुटल्यावर किंवा मॅच संपल्यावर हे काही प्रमाणात घडतंही. जूनच्या पहिल्या मोठ्या पावसात अंधेरीला काय होतं ते पाहा. सबवेत पाणी भरलेलं, पश्चिम द्रुतगती मार्ग तुंबलेला. दर चढतो, पण चालक त्याच पाण्यात अडकलेला असतो, तो येणार कुठून? गाड्या काही वाढत नाहीत, तेवढ्याच गाड्या जास्त पैसे देणाऱ्याला मिळतात. केंद्र सरकारने २०२० च्या मार्गदर्शक सूचनांत ही वाढ मूळ भाड्याच्या दीडपटीपर्यंत रोखली होती. जुलै २०२५ च्या नव्या सूचनांत ती दुपटीपर्यंत जाऊ दिली. माझ्या मते हे पाऊल मागे पडलं.

यात आणखी एक मोठा बदल झाला आणि त्याची चर्चा फारशी झाली नाही. रिक्षा-टॅक्सीचा मीटर कितीही बदनाम असला, तरी त्याचा दर सरकार जाहीरपणे ठरवत होतं, दरपत्रक छापलेलं असे आणि भांडायला काहीतरी हातात असे. अ‍ॅपचा आकडा कंपनीच्या संगणकात तयार होतो. तो का तेवढा आला हे प्रवाशाला कळत नाही आणि चालकालाही कळत नाही. सुरुवातीच्या वर्षांत गुंतवणूकदारांच्या पैशातून प्रवाशाला सवलत आणि चालकाला भरघोस इन्सेंटिव्ह मिळत होते. त्या कमाईच्या भरवशावर हजारो तरुणांनी कर्ज काढून गाड्या घेतल्या. मग इन्सेंटिव्ह आटले, कमिशन राहिलं आणि हप्तेही राहिले. २०१८ च्या मार्चमध्ये आणि पुन्हा ऑक्टोबरमध्ये मुंबईतल्या चालकांनी संप केला, त्याचं मूळ इथे आहे.

या कोंडीतून एक वाट बेंगळुरूला निघाली. ऑक्टोबर २०२२ मध्ये तिथे अ‍ॅपवरच्या रिक्षांचं किमान भाडं १०० रुपयांवर गेलं होतं, आणि सरकारी दर पहिल्या २ किलोमीटरला ३० रुपये होता. कर्नाटक सरकारने कंपन्यांना अ‍ॅपवरून रिक्षा चालवणं थांबवायला सांगितलं. पुढच्याच महिन्यात तिथल्या रिक्षाचालकांच्या संघटनेने ‘जसपे’ या तंत्रज्ञान कंपनीच्या मदतीने ‘नम्मा यात्री’ हे स्वतःचं अ‍ॅप आणलं. त्यात कमिशन नव्हतं. प्रवाशाने दिलेले पैसे थेट चालकाला. अ‍ॅप चालवण्याचा खर्च भागवायला पुढे चालकाकडून दिवसाला २५ रुपये किंवा फेरीमागे साडेतीन रुपये घ्यायचं ठरलं. अ‍ॅपचा कोडही खुला ठेवला, कोणालाही तो पाहता येतो. ही कल्पना इतकी चालली की रॅपिडो, ओला आणि उबर यांनाही रिक्षांसाठी कमिशन सोडून रोजच्या ठराविक शुल्काकडे वळावं लागलं. मोठ्या भांडवलाच्या कंपन्यांना रिक्षाचालकांच्या संघटनेने धंद्याची रीत बदलायला लावली, ही मला या सगळ्या कहाणीतली सर्वांत आश्वासक घटना वाटते. आता जून २०२५ मध्ये नोंदणी झालेल्या ‘सहकार टॅक्सी’ या संस्थेमागे अमूल, इफ्को, नाबार्ड अशा संस्था उभ्या आहेत. ज्या महाराष्ट्राने साखर आणि दूध सहकारातून उभं केलं, त्या महाराष्ट्रातल्या रिक्षाचालकांच्या संघटनांनी याकडे बारकाईने पाहायला हवं.

शुल्काच्या या पद्धतीला एक दुखरी बाजूही आहे. कंपनी म्हणते, आम्ही फक्त गाठ घालून देतो, पुढचं चालक आणि प्रवासी पाहून घेतील. मग रात्री अकरा वाजता चालकाने जास्त पैसे मागितले तर दाद कोणाकडे मागायची? फेरी सुरू होण्याआधीच ‘टिप’ मागणारी सोय अ‍ॅपमध्ये आली, तेव्हा मे २०२५ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने उबरला नोटीस काढली. टिप ही सेवा मिळाल्यावर खुशीने द्यायची असते. आधी मागितली तर तो लिलाव होतो.

आता रस्त्याकडे वळू. अ‍ॅपवर टॅक्सी सहज मिळू लागली की लोक स्वतःची गाडी घरी ठेवतील आणि रस्ते मोकळे होतील, असं सुरुवातीला सांगितलं गेलं. सॅन फ्रान्सिस्को हे उबरचं जन्मगाव. तिथल्या वाहतुकीचा अभ्यास २०१९ मध्ये ‘सायन्स अ‍ॅडव्हान्सेस’ या नियतकालिकात आला. २०१० ते २०१६ या काळात कामाच्या दिवशी कोंडीत वाया जाणारे वाहन-तास ६२ टक्क्यांनी वाढले होते. अ‍ॅप-टॅक्सी नसत्या तर ही वाढ २२ टक्के झाली असती, असा संशोधकांचा हिशेब होता. कारणं समजायला सोपी आहेत. एक प्रवासी सोडून दुसऱ्याला घ्यायला जाताना गाडी रिकामी धावते. प्रवासी चढता-उतरताना ती भर रस्त्यात थांबते. आणि तिच्यात बसणारे सगळे काही आपली कार सोडून आलेले नसतात, बरेच जण बस सोडून आलेले असतात. मुंबई-पुण्याचे रस्ते सॅन फ्रान्सिस्कोपेक्षा अरुंद आणि गर्दीचे, त्यामुळे हा धडा आपल्यासाठी अधिकच खरा आहे.

यावर उपाय म्हणून ओला आणि उबरने २०१५ च्या सुमारास एकाच गाडीत अनोळखी प्रवासी बसवायला सुरुवात केली. प्रवाशांना ते स्वस्त पडलं, पण दुसऱ्याला घ्यायला गाडी आडवाटेने वळली की चिडचिड व्हायची, आणि मार्च २०२० मध्ये कोरोनाने ही सोय बंदच पाडली. ठाण्याला, कल्याणला स्टेशनबाहेरची शेअर रिक्षा मात्र कोणत्याही अ‍ॅपशिवाय अजून भरभरून चालते. मार्ग ठरलेला, भाडं ठरलेलं, तीन माणसं भरली की निघायचं, आणि सगळ्यांची दिशा एकच. अल्गोरिदम जे जमवायला धडपडत होता, ते स्टॅण्डवरच्या रांगेने कधीच जमवलं होतं. नवं काही आणताना जुन्याकडे जाणत्या नजरेने पाहिलं असतं, तर बराच पैसा वाचला असता.

बाइक टॅक्सीचंही तसंच. रॅपिडो २०१५ मध्ये बेंगळुरूला सुरू झाली, पण गोव्यात पिवळ्या-काळ्या मोटरसायकलींवरचे ‘पायलट’ कित्येक दशकं परवान्याने प्रवासी नेत आहेत. महाराष्ट्रात जानेवारी २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने परवान्याविना चालणारी रॅपिडोची सेवा थांबवायला लावली. २०२५ मध्ये राज्याने नियम केले ते फक्त विजेवर चालणाऱ्या दुचाकींसाठी: रंग पिवळा, फेरी १५ किलोमीटरपर्यंत, परवाना हवा तर किमान ५० गाड्यांचा ताफा. स्टेशनपासून घरापर्यंतच्या दोन-तीन किलोमीटरला या दुचाकी उपयोगी पडतील. पण पन्नास गाड्यांची अट घातल्याने गोव्यातल्या पायलटसारखा स्वतःच्या एका गाडीवर पोट भरणारा माणूस आपल्याकडे थेट परवाना घेऊ शकत नाही, त्याला कोणा कंपनीच्या छत्राखालीच जावं लागतं. गोव्यानेही टॅक्सीच्या बाबतीत सगळं नीट केलंय असं नाही. पर्यटन विकास महामंडळाने २०१८ मध्ये ‘गोवामाइल्स’ आणलं, तेव्हापासून स्थानिक टॅक्सीवाल्यांचा विरोध धुमसतोच आहे. पाहुण्यांना मीटरविना भाडी मोजावी लागतात आणि टॅक्सीवाल्यांना आपली रोजीरोटी बाहेरच्या कंपनीकडे जाण्याची भीती वाटते. दोघांचंही म्हणणं खरं आहे.

गुंतवणूकदारांच्या पैशावर उभी राहिलेली सेवा किती पटकन कोसळते, हेही आपण पाहिलं आहे. डिसेंबर २०१७ मध्ये पुण्यात विद्यापीठाच्या आवारात आणि औंधमध्ये अ‍ॅपवरच्या भाड्याच्या सायकली आल्या. पाठोपाठ ओफो, मोबाइक या चिनी कंपन्या उतरल्या. एकेकाळी सायकलींचं शहर म्हणून ओळखलं जाणारं पुणं खूश झालं. पण सलग सायकल मार्ग नव्हते, सायकली मोडल्या, चोरीला गेल्या, आणि तिकडे चीनमध्ये या कंपन्यांचंच दिवाळं वाजायला आलं. थोड्याच काळात सगळं आटोपलं. दिल्ली आणि बेंगळुरूत विजेवर चालणाऱ्या टॅक्सींची ‘ब्लूस्मार्ट’ तर प्रवाशांची लाडकी होती: ऐनवेळी भाडं वाढवायची नाही आणि फेरी रद्द करायची नाही. एप्रिल २०२५ मध्ये ‘सेबी’ने तिच्या प्रवर्तकांच्या ‘जेनसोल इंजिनीअरिंग’वर आदेश काढला. ६,४०० गाड्यांसाठी कर्ज उचललं होतं आणि घेतल्या होत्या ४,७०४. मधले पैसे दुसरीकडे वळवल्याचा ठपका ठेवला गेला. लगोलग सेवा थांबली. प्रवाशांचे वॉलेटमधले पैसे अडकले आणि हजारो चालक एका रात्रीत बेकार झाले. सेवा चांगली होती म्हणूनच हे जास्त लागतं. असंघटित चालकांसाठी थोडा दिलासा म्हणजे सामाजिक सुरक्षा संहिता. नोव्हेंबर २०२५ पासून ती लागू झाली, आणि तिच्यानुसार अ‍ॅप कंपन्यांना उलाढालीचा १ ते २ टक्के भाग कामगारांच्या सुरक्षेसाठी बाजूला काढायचा आहे.

आणि आता बस. या सगळ्यात मला खरी आस्था बसची आहे. चाळीस माणसं कारने निघाली आणि एकेका कारमध्ये दोघे बसले तरी वीस कार लागतात. एक बस त्या चाळीस जणांना दोन-तीन कारइतक्या जागेत नेते. म्हणून शहराचा प्रवास सुधारायचा तर बस सुधारायला हवी, आणि स्टार्टअपांनी केलेलं सर्वांत मोलाचं काम याच बाबतीत आहे, जरी त्याचा गाजावाजा झाला नाही.

बसची मोठी अडचण म्हणजे ती कधी येईल हे माहीत नसणं. वाहतूक नियोजनात थांब्यावर उभं राहण्याचं एक मिनिट बसमधल्या जवळपास दोन मिनिटांइतकं धरतात, कारण माणसाला ते तेवढं जड जातं. रात्री साडेनऊला रिकाम्या थांब्यावर एकट्या उभ्या असलेल्या बाईसाठी ते त्याहूनही जड असतं. ‘चलो’ या कंपनीने २०२१ च्या अखेरीपासून बेस्टच्या बसगाड्या मोबाइलवर दाखवायला सुरुवात केली. बसमधलं यंत्र दर काही क्षणांनी आपली जागा कळवतं. त्याच मार्गावर त्याच वेळी आधीच्या बसगाड्यांना किती वेळ लागला, याच्याशी ताडून पुढच्या थांब्याची वेळ काढली जाते. बस सात मिनिटांवर आहे हे कळलं की माणूस त्या हिशेबाने घरातून निघतो आणि रिक्षाला हात करत नाही.

याच माहितीतून आणखी एक जुनं दुखणं दिसतं. अर्धा तास बस नाही आणि मग एका मागोमाग तीन, याबद्दल आपण वाहक-चालकांना बोल लावतो. १९६४ मध्येच न्यूएल आणि पॉट्स या अभ्यासकांनी यामागचं गणित मांडलं होतं. एखाद्या बसला थोडा उशीर झाला की पुढच्या थांब्यावर जास्त माणसं जमतात, ती चढायला जास्त वेळ लागतो, उशीर आणखी वाढतो. मागच्या बसला माणसंच मिळत नाहीत, ती भरभर पुढे येते आणि पहिलीला गाठते. आगारात बसून हे नकाशावर दिसलं, तर मागच्या बसला एखाद्या थांब्यावर दोन मिनिटं थांबवून घोळका मोडता येतो. त्यासाठी एकही नवीन बस घ्यावी लागत नाही.

‘सिटीफ्लो’ने २०१५ पासून मुंबईत वेगळी वाट धरली. ठाणे, बोरिवली, नवी मुंबईहून बीकेसी, पवई, लोअर परळला जाणाऱ्यांसाठी अ‍ॅपवर आरक्षित आसनाची वातानुकूलित बस. भाडं बेस्टपेक्षा बरंच जास्त, पण इथला प्रवासी कार सोडून येतो आणि शहराला तेच हवं आहे. अडचण कायद्याची आहे. मोटार वाहन कायद्यात वाटेत प्रवासी चढवत-उतरवत जाणाऱ्या बसचा परवाना वेगळा आणि ठरवून भाड्याने घेतलेल्या बसचा वेगळा. अ‍ॅपवरची बस या दोहोंच्या मधे पडते. दिल्लीने २०२३ मध्ये अशा बसगाड्यांसाठी स्वतंत्र योजना केली. महाराष्ट्रानेही करायला हरकत नाही, पण सार्वजनिक बस बळकट ठेवूनच. बेस्टचा ताफा एकेकाळी ४,००० च्या वर होता, आता तो ३,००० च्याही खाली आला आहे, आणि मे २०२५ मध्ये किमान भाडं ५ वरून १० रुपये झालं. बसच नसेल तर ती किती मिनिटांवर आहे हे सांगणाऱ्या अ‍ॅपचा काय उपयोग?

म्हणून माहिती कोणाची, या मुद्द्याकडे परत यायला हवं. २००५ मध्ये अमेरिकेतल्या पोर्टलंड शहराच्या परिवहन सेवेने गूगलच्या सोबतीने वेळापत्रक आणि थांबे मांडायची एक सामाईक पद्धत ठरवली. आज जगभरच्या शहरांची वेळापत्रकं त्याच पद्धतीने खुली ठेवली जातात आणि कोणीही त्यावर अ‍ॅप बनवू शकतो. दिल्लीने २०१८ मध्ये आयआयआयटी-दिल्लीच्या मदतीने बसगाड्यांची चालू माहिती सर्वांसाठी खुली केली. मुंबईत ऑक्टोबर २०२५ मध्ये लोकल, मेट्रो आणि बस मिळून ११ सेवांचं तिकीट एका जागी देणारं ‘मुंबई वन’ आलं. हे स्वागतार्ह आहे, पण तिकीट एकत्र येण्याने माहिती खुली होत नाही. बेस्ट आणि पुण्याची बससेवा पीएमपीएमएल यांनी खाजगी कंपन्यांशी करार करताना एक अट घालावी: बसची जागा, वेळ आणि प्रवाशांची निनावी आकडेवारी सार्वजनिक मालकीची राहील आणि ती कोणालाही वापरता येईल. मग उद्या एखादी कंपनी बुडाली तरी बस नकाशावरून पुसली जाणार नाही, आणि एका खोलीत बसून लोकलचं वेळापत्रक मोबाइलवर आणणाऱ्या पुढच्या तरुणाला कोणाच्या दारात उभं राहावं लागणार नाही. तुमच्या प्रभागातला नगरसेवक पुढच्या वेळी भेटला, तर रस्ते आणि पाण्यासोबत हेही विचारा.